विहीर, माठ, बर्फ आणि शहाळं: पाण्याच्या बाबतीत कोकणात होणाऱ्या या चुका टाळा

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात त्यातल्याच कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. त्यावर जांभा, उतार, धरणं असं पुष्कळ बोलून झालंय. इथे विषय वेगळा आहे. पाण्याचे गुणधर्म आपण शाळेत पाठ केलेले असतात; पंप बसवताना, मासळी आणताना किंवा घरात कुणाला जुलाब झाले की मात्र ते कुणाला आठवत नाहीत. मग पैसे जातात, झाड जातं, कधी माणसाच्या जिवाशी येतं.

पाण्याचा रेणू एका बाजूला किंचित ऋणभारित, दुसऱ्या बाजूला किंचित धनभारित असतो. त्यामुळे तो शेजारच्या रेणूला ओढून धरतो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध कमजोर आणि क्षणात तुटणारा, पण त्यांची संख्या अफाट. खाली जे येईल त्यातलं बरंचसं या ओढाओढीतून येतं, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

चूक: पाणी चढेना म्हणून जास्त एचपीचा पंप आणणं

दर एप्रिलमध्ये हे घडतं. मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप विहिरीच्या काठावर. पावसाळ्यात पाणी तीन-चार मीटरवर होतं तेव्हा मजेत चालला. आता पाणी नऊ मीटरवर गेलं, पंप नुसता घरघरतो, एअर घेतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "अर्धा एचपी कमी पडतो, दीडचा बसवा." दीडचा येतो आणि तोही तसाच घरघरतो.

काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण ढकलण्याचं काम करते हवा. पंप पाइपमधला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर असलेला वातावरणाचा दाब पाणी वर रेटतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो, त्याहून जास्त नाही. पाइपमधलं घर्षण, सांध्यातली गळती धरली तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा ठेवू नये. एचपी वाढवला म्हणून हवेचा दाब वाढत नाही.

तपासायचं कसं? पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतची उभी उंची दोरीनं मोजा. ती सहा मीटरच्या आत असूनही पाणी येत नसेल तर फुटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाच्या झडपेत, कचरा अडकलाय का, सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा जाते का, पंपात पाणी भरून एअर नीट काढली होती का, हे क्रमानं बघा. उंची जास्त असेल तर पंप विहिरीतल्या टप्प्यावर खाली उतरवा किंवा सरळ सबमर्सिबल घ्या. तो पाण्यात बसून खालून ढकलतो, त्यामुळे 10 मीटरची मर्यादा त्याला लागू नाही. आणि पंप खालीवर करताना आधी मेन स्विच बंद. शुद्ध पाणी विजेचं फार मंद वाहक असतं, पण विहिरीचं पाणी कधीच शुद्ध नसतं आणि खाडीकाठचं तर मुळीच नाही.

आता त्याच विहिरीशेजारच्या माडाकडे बघा. वीस मीटरचा माड, ना मोटर ना लाइट बिल, आणि शेंड्यावरच्या शहाळ्यात पाणी. पंपाला दहा मीटर जमत नाही ते याला कसं जमतं? इथे बरेच जण, आणि काही गाइडसुद्धा, "केशाकर्षणानं" असं लिहून मोकळे होतात. आकडा मांडून बघा. 40 मायक्रॉन व्यासाच्या, म्हणजे केसाहूनही बारीक नळीत केशाकर्षणानं पाणी चढतं जेमतेम पाऊण मीटर. माडाच्या गुडघ्यापर्यंतही पुरत नाही.

खरं कारण 1894 साली डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी मांडलं. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, तिथल्या सूक्ष्म छिद्रांमधलं पाणी मागच्या पाण्याला ओढतं, आणि रेणूंच्या एकमेकांवरच्या पकडीमुळे पानापासून मुळापर्यंतचा अखंड स्तंभ ताणलेल्या दोरीसारखा वर येतो. पंपाच्या रुंद पाइपात एवढा ताण आला की पाण्यात बुडबुडे होतात आणि स्तंभ तुटतो. झाडाच्या नळ्या अतिशय बारीक, भिंती पाण्याला चिकटून धरणाऱ्या, म्हणून तिथे तो टिकतो. हवा शिरलीच तर मात्र ती नळी निकामी.

म्हणूनच माडावर चढायला खोडात खाचा पाडणं ही माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक. आंबा किंवा फणस दरवर्षी खोडात नव्या वाहिन्या तयार करतो, जखम भरून काढतो. माडाला ती सोय नाही. त्याचं खोड वर्षागणिक जाड होत नाही, वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि एकदा तयार झालेल्या वाहिन्यांवरच त्याला जन्म काढायचा असतो. खाच पाडलीत की तिथल्या वाहिन्या कायमच्या गेल्या. वर त्या जखमेच्या वासानं खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो तो वेगळाच. चढायचं यंत्र वापरा, नाहीतर पाडेली बोलवा जो खाचांशिवाय चढतो.

चूक: खाडीकाठची किंवा पुळणीतली (किनाऱ्याच्या वाळूतली) विहीर उपसून टाकणं, मग खोल करणं

गुहागर, दिवेआगर इथल्या नारळ-सुपारीच्या वाड्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तरी विहिरींना गोडं पाणी. पाहुण्यांना याचं फार नवल वाटतं. नवल काही नाही, घनतेचा खेळ आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे त्याची घनता गोड्या पाण्याच्या 1000 किलो प्रति घनमीटरऐवजी 1025 च्या आसपास भरते. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगत राहतं.

हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. उलटा वाचा: उपसा करून पातळी एक मीटरनं उतरवलीत तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 मीटर वर सरकू पाहतं. हा नियम एकसारख्या वाळूसाठी आहे. जांभ्यात, कातळाच्या भेगांत आकडे बदलतात, पण दिशा तीच.

जुन्या वाड्यांमध्ये रहाट होता. गाडग्यांनी पाणी हळूहळू यायचं आणि तेवढंच वाळूतून पाझरून भरून निघायचं. आता मोठा पंप तासाभरात विहीर कोरडी करतो. पाणी मचूळ लागायला लागलं की मालक म्हणतो, "वरचं पाणी संपलं, आणखी दोन मीटर खणूया." खारं पाणी खालीच आहे आणि आपण त्याच्याकडे खणत निघालो. विहीर खोल केली आणि पाणी कायमचं खारट झालं, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. लहान पंप, थोडा वेळ, मधे विश्रांती. फुटव्हॉल्व्ह तळाशी टेकवू नका, वरच्या थरातलं पाणी घ्या. मचूळ चव आली की त्या हंगामापुरता उपसा थांबवा. पावसाळ्यात छपराचं पाणी विहिरीत किंवा शेजारच्या शोषखड्ड्यात सोडा. 100 चौरस मीटरच्या छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे वर्षाला तीन लाख लिटर पाणी, आणि आपण ते पागोळ्यांतून अंगणात, अंगणातून वहाळात सोडून देतो. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या, त्यात छपरावरची पक्ष्यांची शीट आणि पाचोळा असतो.

चूक: उकळलं, तुरटी फिरवली, मीटर लावला, म्हणजे पाणी चांगलं

तिन्हींची कामं वेगळी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

उकळल्यानं जंतू मरतात, मीठ जात नाही. मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे पाण्याचे रेणू सोडियम आणि क्लोराइडच्या कणांभोवती घेर धरतात; वाफ होताना पाणी निघून जातं आणि ते कण मागे राहतात. दोन ग्रॅम मीठ असलेलं एक लिटर पाणी आटवून अर्धं केलंत तर आता अर्ध्या लिटरमध्ये तेच दोन ग्रॅम. मचूळ पाणी वीस मिनिटं उकळून आणखी मचूळ करणारी घरं आहेत. जंतूंसाठी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. गॅसही वाचेल.

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, बस.

टीडीएस मीटरचं खूळ ताजं आहे. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत क्षार असणं चांगलं, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतात. खाडीपासून दूर, जांभ्यातल्या विहिरीत हा आकडा बहुधा 500 च्या पुष्कळ खाली येतो. मालक खूश. पण जांभा सच्छिद्र असतो, शेजारी शौचखड्डा असला तर मीटर 80 दाखवील आणि त्याच पाण्यानं कावीळ होईल. जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची चाचणी करा: पाणी घालून ठेवलेली बाटली काळी पडली तर ते पाणी न उकळता पिऊ नका. आणि असल्या मऊ पाण्याला आरओ लावणं म्हणजे आधीच कमी असलेले क्षार काढण्यासाठी वर आणखी पाणी वाया घालवणं. विक्रेता हे सांगणार नाही.

चूक: शेतात ओल आहे तरी रोप सुकतं, म्हणून युरिया टाकणं

खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून केलेल्या शेतीच्या, शेतकऱ्याला हे सांगायला नको, नव्यानं खाजण (खाडीकाठची खारट जमीन) कसायला घेतलेल्याला सांगायला हवं. मुळांच्या पातळ पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे झिरपतं. मुळातला रस बाहेरच्या ओलाव्यापेक्षा खारा असतो म्हणून पाणी आत शिरतं. जमीनच खारट झाली की ही ओढ कमी होते, फारच खारट झाली तर उलटी फिरते. रोप पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. युरिया हाही विरघळणारा पदार्थच. तो टाकला की बाहेरचं पाणी आणखी दाट होतं.

आधी उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप बघा. भरतीचं पाणी आत घेत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग पावसाच्या पाण्यानं जमीन धुऊन निघू द्या, एक-दोनदा पाणी साठवून ओहोटीला बाहेर काढा, आणि त्यानंतरच लावणी करा. बियाणं खार सोसणारं घ्या: पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 या जाती आहेत, आणि भुरा रता, काळा रता हे आपले जुने भात आहेतच. शेजारचं तिवराचं झाड याच चिखलात कसं जगतं असा प्रश्न पडला तर त्याचं पान चाटून बघा. आत आलेलं मीठ ते पानांवरून बाहेर टाकतं. भाताला ती कला येत नाही.

इथेच आणखी एक समज मोडून काढतो. भर दुपारी पानांवर पडलेले थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात, असं सांगतात. गुळगुळीत पानांवर तसं होत नाही, हे 2010 मध्ये प्रयोग करून दाखवलं गेलं आहे. लव असलेल्या पानांवर थेंब पानापासून उचलून राहिला तर ते शक्य आहे. आपल्याकडे शिंपणानंतर कडा करपतात त्या बऱ्याचदा मचूळ पाण्यामुळे. थेंब वाळतो, मीठ पानावर राहतं. पाणी बुंध्याशी द्या.

चूक: माठाला ऑइलपेंट, खोलीला कूलर

माठ गार होतो तो पाझरून बाहेर आलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते, कारण प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांची पकड सोडवावी लागते. माठाला बाहेरून रंग देऊन वारली चित्रं काढली की छिद्रं बुजली. दिसायला सुंदर, पाणी कोमट. स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात ठेवलेल्या माठाचंही तेच. त्याला वारा हवा.

मुंबई-पुण्याहून उन्हाळ्यात आलेली मंडळी ओल्या गवताचा कूलर घेऊन येतात आणि मग खोलीत बुरशी धरते. कूलर घेण्याआधी एक साधी तपासणी करा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. तो जिथे थांबेल त्याच्याखाली कुठलाही कूलर जाऊ शकत नाही. विदर्भात 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा 23 च्या आसपास येतो. रत्नागिरीत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला तो 28 वर अडकतो. हवेत आधीच एवढी वाफ आहे की आणखी मावत नाही.

हीच गोष्ट घामाची. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साठ किलोच्या माणसाच्या शरीराचं तापमान अकरा-एक अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता नेतो. वाळला तर. ठिबकून गेलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा देत नाही. म्हणून "आमच्याकडे कुठे चाळिशी गाठते" असं म्हणत बागेत भर दुपारी आंबा काढणं धोक्याचं. समुद्र आपलं तापमान आवरून धरतो हे खरं. पाणी तापायला त्याच वजनाच्या कोरड्या वाळूच्या पाचपट उष्णता लागते. पण तोच समुद्र हवा दमट करतो. काम सकाळी उरका, सावलीत वारा घ्या.

चूक: मासळीच्या पिशवीत बर्फाचा एकच मोठा खडा

एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो. तेच एक किलो शून्य अंशाचं पाणी 30 अंशांपर्यंत तापताना फक्त 126. म्हणजे मासळी गार ठेवण्याचं खरं काम वितळणं करतं. हिशेबानं 30 अंशांवरची किलोभर मासळी शून्यावर आणायला तिच्या वजनाच्या साधारण तीस टक्के बर्फ पुरेल, पण खोक्याच्या भिंतींतून उष्णता आत येतच राहते, म्हणून आपल्या हवामानात मासळीला वजनाइतका बर्फ घ्यावा.

खडा ठेवला तर त्याला टेकलेला तुकडा तेवढा गार होतो. बर्फाचा चुरा करा, खाली थर, वर थर, मधे मासळी. लांबच्या प्रवासात खोक्याचं भोक उघडं ठेवा, रक्ता-चिकटाचं पाणी निघून जाऊ द्या. बर्फात मीठ घालू नका. तापमान शून्याखाली जातं आणि मासळी वरून अर्धवट गोठते. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत हयगय नको. गरम हवेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि नंतर कितीही शिजवा, ते जात नाही. खाल्ल्यावर अंग लाल होऊन खाज सुटली की लोक म्हणतात मासा "उठला". मासा उन्हात राहिला होता.

घरच्या फ्रीजरमध्ये दोन किलोचा गोळा कोंबू नका. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. हळूहळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात, मांसाच्या पेशी फाडतात, आणि सुरमईची तुकडी तव्यावर पाणी सोडून भुगा होते. एकेका जेवणापुरत्या चपट्या पिशव्या करा, लवकर गोठतात.

चूक: जुलाब झाले की शहाळ्यावर भिस्त

शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. जुलाबात शरीरातून सोडियम जातं. ओआरएसमध्ये मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असतात, कारण आतड्यात ग्लुकोजच्या जोडीनं सोडियम आत घेतलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी. म्हणून एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून "ताकद येईल" म्हणून देणं उलट घातक: दाट द्रावण आतड्यात पाणी खेचून घेतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्यानं. लघवी कमी झाली, मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले तर वाट न बघता दवाखाना.

होडीवर अडकलात तर समुद्राचं पाणी घोटभरही नको. आपल्या मूत्रपिंडाला समुद्राइतकी खारी लघवी करता येत नाही, त्यामुळे प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी ते मीठ बाहेर टाकण्यात जातं.

तळ्यात कोळंबी पाळणाऱ्यांसाठी दोन ओळी

गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम, 30 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात सहाच्या आसपास. सगळ्यात कमी असतो पहाटे, म्हणून लाइट बिल वाचवायला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री बंद करू नका. मोठी सर कोसळली की गोडं पाणी खाऱ्यावर थर धरून बसतं आणि तळाला हवा मिळत नाही. वरचा थर बाहेर सोडा, एरेटर लावा, त्या दिवशी खाद्य कमी करा.

आणि मुलांच्या उत्तरपत्रिकेत

"पाणी 4 अंशांला सर्वांत जड असतं म्हणून समुद्रातले मासे थंडीत वाचतात" हे वाक्य दर परीक्षेत भेटतं. 4 अंशांचा नियम गोड्या पाण्याचा. समुद्राचं पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे 1.9 अंशांपर्यंत, जड होतच जातं. उत्तरात थंड प्रदेशातलं तळं लिहा. समुद्रावरच्या प्रश्नाला बर्फ पाण्यावर तरंगतो एवढं कारण द्या, तेवढं दोन्हीकडे खरं आहे. आणि "पाण्यात सगळं विरघळतं" हेही खोडा: तेल विरघळत नाही, म्हणून तर तेलकट पडद्याच्या पेशी पाण्यानं भरलेल्या शरीरात विरघळून जात नाहीत.